आतड्यातील जीवाणू आपली जनुके ‘चालू-बंद’ करतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते ४४ वर्षांचे असून त्यांची आई, मामा आणि थोरले बंधू मधुमेही आहेत. सात महिन्यांपूर्वी त्यांचे स्वतःचे एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.९ आले आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध सुरू झाले. गेल्या महिन्यात त्यांनी एका खासगी प्रयोगशाळेकडून शौचाच्या नमुन्यातील जीवाणूंची तपासणी करून घेतली. अहवालात ‘तीव्र असंतुलन’ असा शेरा आहे, प्रीव्होटेला नावाचे जीवाणू ४१ टक्के असल्याचे लाल अक्षरांत छापले आहे, ई. कोलाय हे दुसरे जीवाणू वाढल्याचेही लाल अक्षरांतच आहे, आणि शेवटच्या पानावर असे म्हटले आहे की या जीवाणूंनी त्यांची मधुमेहाची जनुके ‘चालू’ केली असून तीन महिन्यांच्या प्रोबायोटिकने (जिवंत जीवाणूंच्या पुड्यांनी) ती ‘बंद’ करता येतील. हे खरे आहे का, जीवाणू माणसाच्या जनुकांपर्यंत पोहोचतात तरी कसे, आणि हा बदल मुलांमध्ये उतरेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली २६ वर्षे मधुमेहाच्या रुग्णांवर उपचार करते आहे आणि असे अहवाल फायलीत घालून येणारे रुग्ण आता आठवड्याला एक-दोन तरी भेटतात. त्या शेवटच्या पानावरील वाक्यात माझ्या हिशेबाने चार आणे शास्त्र आहे, चार आणे अंदाज आहे आणि उरलेले आठ आणे विक्रीकौशल्य आहे. मात्र ते चार आणे शास्त्र विलक्षण आहे, त्यामुळे अहवाल बाजूला सारण्यापूर्वी ते नीट समजून घ्यावे.

जनुक आणि जनुकाचा वापर या दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. आपल्या यकृतातील पेशी आणि डोळ्याच्या पडद्यातील पेशी यांच्याजवळ जनुकांचा संच एकच असतो. तरीही एक पेशी साखर साठवते आणि दुसरी प्रकाश टिपते, कारण सुमारे २० हजार जनुकांपैकी कोणती वाचायची, किती वेळा वाचायची आणि कोणती मिटून ठेवायची हे प्रत्येक प्रकारच्या पेशीत निराळे ठरलेले असते. एका पेशीतील डीएनए सरळ केला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. एवढा लांब धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोनला ॲसिटिल गट हा लहानसा रासायनिक तुकडा चिकटला की गुंडाळी सैल होते आणि तेथील जनुक वाचले जाऊ शकते. हिस्टोन डिॲसिटिलेझ या नावाची विकरे (एन्झाइम) तो गट काढून टाकतात आणि गुंडाळी पुन्हा आवळली जाते. डीएनएवर थेट मिथिल गट बसण्याची दुसरी एक तऱ्हा आहे आणि त्या खुणेमुळे जनुक बहुतेक वेळा मुके होते. या सगळ्यात जनुकाचे एक अक्षरही बदलत नाही. तेव्हा आईकडून आलेली जनुके आहेत तशीच राहणार आहेत. जीवाणूंचा संबंध येतो तो वाचनाशी. आणि वाचन हे विजेच्या बटणासारखे चालू किंवा बंद असे क्वचितच असते. एखादे जनुक तासाला दहा वेळा वाचले जात असेल तर ते चौदा वेळा वाचले जाऊ लागते, असे त्याचे स्वरूप असते, आणि असे शेकडो लहान बदल एकत्र येऊन वर्षानुवर्षांनी रक्तातील साखरेत दिसतात.

जीवाणू या वाचनात हात घालू शकतात हे दाखवणारा जो प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, तो २००४ साली अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे जन्मापासून निर्जंतुक कक्षात वाढवलेले उंदीर होते. त्यांच्या आतड्यात एकही जीवाणू नव्हता. हे उंदीर सामान्य उंदरांपेक्षा जास्त खात असूनही सडपातळ राहत. संशोधकांनी सामान्य उंदरांच्या आतड्यातील जीवाणू त्यांच्यात सोडले आणि अवघ्या १४ दिवसांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, इन्सुलिनची मात्राही त्यांच्यावर पूर्वीसारखी चालेना, आणि हे सारे पूर्वीपेक्षा कमी खाऊन. न पचणाऱ्या अन्नातून जीवाणूंनी जास्तीची ऊर्जा काढून दिली, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक विचार करायला लावणारे होते. आतड्याच्या अस्तरातील पेशी एक प्रथिन बनवतात, ज्याला तेव्हा फियाफ म्हणत आणि आता अँजियोपोएटिन-सदृश प्रथिन ४ म्हणतात. हे प्रथिन रक्तातील चरबी मेदपेशींत ओढून घेणाऱ्या विकराला लगाम घालते. जीवाणू आल्यावर आतड्याच्या अस्तरात या प्रथिनाच्या जनुकाचे वाचन कमी झाले, लगाम सुटला आणि चरबी साठू लागली. खरी खुबी पुढच्या पायरीत आहे. ज्या उंदरांत हे जनुक मुळातच काढून टाकले होते, ते जीवाणूविरहित असूनही सडपातळ राहिले नाहीत. म्हणजे जीवाणू, जनुकाचे वाचन आणि चरबी हे तिन्ही दुवे एकाच प्रयोगात एकमेकांना जोडले गेले.

त्यानंतर सहाच वर्षांनी दुसऱ्या एका गटाने दाखवले की वेगळ्या प्रकारचा चरबीयुक्त आहार दिला तर जीवाणूविरहित उंदीरही लठ्ठ होतात, आणि रक्तातील फियाफचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे वागत नाही. त्यामुळे पहिला प्रयोग खोटा ठरत नाही. पण आहार बदलला की निष्कर्ष बदलतो, ही या क्षेत्रातील पहिली पायरी आहे आणि आपल्या अहवालात तिचा मागमूसही नाही. आपण काय खाता, हे त्या प्रयोगशाळेने आपल्याला विचारले होते का?

आता जीवाणू हे नेमके कशाच्या बळावर करतात ते पाहू. आपण ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ली असे समजू. त्यातील बराचसा पिष्टपदार्थ लहान आतड्यातच पचून ग्लुकोजच्या रूपाने रक्तात जातो. टरफलांचा चोथा आणि पिष्टाचा एक हट्टी भाग, जो भाकरी गार झाल्यावर थोडा वाढतो, तो मात्र न पचता मोठ्या आतड्यात उतरतो. तेथे प्राणवायू जवळजवळ नसतो. फीकॅलिबॅक्टेरियम आणि रोझबुरिया यांसारखे जीवाणू, इतर जातींनी अर्धवट मोडलेला माल हातात घेऊन, तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपियोनेट व ब्युटिरेट ही तीन लहान मेदाम्ले तयार होतात. प्रमाण ढोबळमानाने तीनास एक-एक असे असते. सर्वांत कमी मिळणाऱ्यांपैकी ब्युटिरेट, पण जनुकांच्या दृष्टीने तेच सर्वांत खटपटे.

ब्युटिरेटचा हा गुण पोटाच्या अभ्यासातून कळलेला नाही. १९७७ साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर ब्युटिरेट टाकले असता हिस्टोनवर ॲसिटिल गट साचत जातात असे दिसले, आणि ॲसिटिल गट काढणारी विकरे ब्युटिरेटमुळे अडतात हे त्याचे कारण पुढच्या वर्षभरात स्पष्ट झाले. ज्या पदार्थाने आपल्या मोठ्या आतड्याचे अस्तर दिवसरात्र भिजलेले असते, तोच पदार्थ जनुकांची गुंडाळी सैल ठेवणारा निघाला, याचा अर्थ लागायला पुढे काही दशके गेली. अस्तरातील पेशींना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा त्या ब्युटिरेट जाळून मिळवतात. जळताना त्यातूनच ॲसिटिल गट तयार होतात आणि ते हिस्टोनवर लावले जातात. जळून उरलेले ब्युटिरेट गट काढणाऱ्या विकराला अडवते. एकच रेणू दोन्ही बाजूंनी एकाच दिशेने काम करतो. अस्तरातील खळग्यांच्या तळाशी नव्या पेशी जन्माला घालणाऱ्या मूळपेशी असतात आणि ब्युटिरेटचा मारा त्यांना मानवत नाही, म्हणून वरच्या थरातील पेशी ते वाटेतच जाळून संपवतात. ही रचना पाहिली की ब्युटिरेट ‘चांगले’ आणि ते जितके जास्त तितके बरे, अशी जाहिरातबाजी करणाऱ्यांचे मला हसू येते.

येथे मात्रेचा मुद्दा येतो आणि माझ्या मते संपूर्ण प्रश्नाचा कणा तोच आहे. मोठ्या आतड्याच्या पोकळीत ब्युटिरेटचे प्रमाण दर लिटरला १० ते २० मिलिमोलच्या आसपास असते. त्यातील बहुतांश अस्तरच वापरते, उरलेल्यातील बराच वाटा यकृत उचलते, आणि हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात ते काही मायक्रोमोल एवढेच सापडते. म्हणजे हजारपटींहून कमी. हिस्टोनवरील विकर अडवण्यासाठी प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरील प्रयोगांत जी मात्रा लागते ती मिलिमोलच्या घरातली आहे. तेव्हा ‘ब्युटिरेट स्वादुपिंडातील जनुके उघडते’ असे कोणी बशीतील पेशींवरून सांगत असेल, तर एवढे ब्युटिरेट तिथवर पोहोचते का, हा प्रश्न प्रथम विचारावा. जनुक-नियमनाचा सर्वांत भक्कम पुरावा आतड्याच्या अस्तराचा आणि त्याला लागून असलेल्या प्रतिकारपेशींचा आहे. यकृताचा पुरावा मध्यम आहे. स्नायू आणि स्वादुपिंड यांच्याबाबत मी फार सावधपणे बोलते.

अस्तरात काय बिघडते, याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण आपल्या अहवालातील ई. कोलायची लाल ओळ त्याच्याशी संबंधित असू शकते. निरोगी अस्तरात ब्युटिरेटमुळे पीपार-गॅमा हा जनुक-नियंत्रक जागा राहतो. पेशी ब्युटिरेट जाळतात, त्यात रक्तातून आलेला प्राणवायू खर्च होतो, आणि पोकळी प्राणवायूविरहित राहते; तेच ब्युटिरेट बनवणाऱ्या जीवाणूंना हवे असते. प्रतिजैविकांमुळे हे जीवाणू घटले की नियंत्रकाला इशारा मिळत नाही, पेशी ग्लुकोजवर काम चालवतात, वाचलेला प्राणवायू पोकळीत झिरपतो, शिवाय नायट्रिक ऑक्साइड बनवणारे जनुक जास्त वाचले जाऊन नायट्रेट वाढते, आणि प्राणवायू व नायट्रेट दोन्हींवर ताव मारणारी ई. कोलायच्या कुळातील मंडळी फोफावतात. उंदरांवरील हा पुरावा २०१७ साली पुढे आला. म्हणजे जीवाणू जनुकांचे वाचन ठरवतात आणि बदललेले वाचन कोणते जीवाणू टिकतील हे ठरवते. हे चक्र एकदा उलट फिरू लागले की बाहेरून चार जीवाणू आणून सोडल्याने ते सरळ होईलच असे नाही, कारण जमीनच बदललेली असते.

अस्तर सैल झाले की पुढची पायरी सुरू होते. ई. कोलायसारख्या जीवाणूंच्या कवचातील लायपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ थोड्या थोड्या प्रमाणात रक्तात येऊ लागतो. पॅट्रिस कानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले की चार आठवडे चरबीयुक्त आहार दिलेल्या उंदरांत त्याचे रक्तातील प्रमाण दोन ते तीन पट होते. हे प्रमाण रक्तातील जंतुसंसर्गात आढळणाऱ्या प्रमाणापेक्षा खूप कमी असते, पण टिकून राहणारे असते. मेदपेशी आणि यकृत यांतील प्रतिकारपेशी त्याला ओळखतात, दाह निर्माण करणारी जनुके वाचू लागतात, आणि त्या दाहामुळे इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आत नीट पोहोचत नाही. कंबर वाढलेल्या आपल्या लोकांत इन्सुलिन असूनही ते का चालत नाही, याच्या अनेक कारणांपैकी हे एक असावे असे मला वाटते. एकमेव कारण नव्हे.

यकृताची वाट पित्ताम्लांची आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते, आतड्यातील जीवाणू त्यांची रचना बदलतात, आणि ही बदललेली पित्ताम्ले एफएक्सआर नावाच्या जनुक-नियंत्रकाला कमी-जास्त चेतवतात. त्यावर यकृताने आणखी किती पित्ताम्ले बनवायची आणि चरबी-साखरेचा हिशेब कसा ठेवायचा हे अवलंबून असते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे २०१३ साली या साखळीचा उलगडा उंदरांत सुरेख झाला. अडचण अशी की त्यात मध्यवर्ती असलेले म्युरिकोलिक आम्ल उंदरांत विपुल असते आणि प्रौढ माणसांत जवळपास नसतेच. तत्त्व माणसाला लागू आहे, तपशील नाही.

दूरच्या ऊतींबद्दल सर्वांत चांगला पुरावा मला अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील २०१६ च्या कामात दिसतो. जीवाणू असलेल्या आणि नसलेल्या उंदरांच्या आतड्यातील, यकृतातील आणि मेदातील हिस्टोनवरच्या खुणा तेथे मोजल्या गेल्या. तिन्ही ठिकाणी फरक आढळला. चोथा कमी आणि चरबी-साखर जास्त अशा आहारावर जीवाणूंचा हा प्रभाव बराचसा पुसला गेला, आणि जीवाणूविरहित उंदरांना नुसती ती तीन मेदाम्ले दिली असता जीवाणू असल्यासारखा परिणाम बऱ्याच अंशी दिसला. यावरून जीवाणू कोण आहेत यापेक्षा ते काय बनवतात हे महत्त्वाचे, आणि ते काय बनवतील हे ताटावर अवलंबून, असे म्हणता येते.

सगळे दुवे असे एका दिशेने जुळत असते तर माझे काम सोपे झाले असते. २०१९ साली टेक्सासमधील लोरा हूपर यांच्या गटाने लहान आतड्याच्या अस्तराचा अभ्यास केला तेव्हा जीवाणूंमुळे तेथे हिस्टोन डिॲसिटिलेझ ३ वाढते असे आढळले. म्हणजे मोठ्या आतड्यात जीवाणूंचा पदार्थ ज्या जातीचे विकर अडवतो, त्याच जातीचे विकर लहान आतड्यात जीवाणू वाढवतात. हे विकर दिवस-रात्रीच्या तालात हिस्टोनवरील खुणा बदलते आणि चरबी शोषून घेणाऱ्या जनुकांचे वाचन वाढवते; अस्तरातून हे विकर काढून टाकलेले उंदीर चरबीयुक्त आहारावरही फारसे लठ्ठ झाले नाहीत. हे वाचल्यावर ‘जीवाणू जनुके चालू करतात’ या वाक्यात कोणते जनुक, कोणत्या अवयवात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे तीन प्रश्न न विचारणारा अहवाल काय किमतीचा, हे आपणच ठरवावे.

माणसांकडे वळताना सूर खाली आणावा लागतो. २०१२ साली चीनमधील ३४५ जणांच्या आणि २०१३ साली स्वीडनमधील १४५ स्त्रियांच्या अभ्यासात मधुमेहींमध्ये ब्युटिरेट बनवणारे जीवाणू कमी आढळले. दोन्ही देशांतील याद्या मात्र एकमेकींशी नीट जुळेनात. २०१५ मध्ये डेन्मार्क, स्वीडन आणि चीन येथील ७८४ नमुने एकत्र तपासले तेव्हा गुंत्याचा एक धागा हाती लागला: मधुमेहाची म्हणून जी लक्षणे मोजली जात होती, त्यांतील बरीच मेटफॉर्मिनची होती. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ई. कोलायचा वाटा वाढतो. औषध न घेणाऱ्या मधुमेहींतही ब्युटिरेट बनवणारे जीवाणू कमी असतात, एवढे मात्र टिकून राहिले. आपण सात महिने मेटफॉर्मिन घेत आहात आणि तपासणी सहाव्या महिन्यात झाली. आपल्या अहवालातील ई. कोलायच्या वाढीचे सर्वांत साधे स्पष्टीकरण आपल्या औषधाच्या डबीत आहे. ती ओळ पाहून गोळी बंद करू नये. मेटफॉर्मिनच्या गुणाचा काही भाग आतड्यातील या बदलांतूनच येत असावा, असे मानण्यास चांगला आधार आहे.

कार्यकारणभाव तपासणारे प्रयोगही झाले आहेत. ॲमस्टरडॅममध्ये २०१२ साली सडपातळ व्यक्तींच्या आतड्यातील जीवाणू चयापचय बिघडलेल्या पुरुषांच्या आतड्यात सोडले असता सहा आठवड्यांनी इन्सुलिनची परिणामकारकता वाढली. त्याच गटाने २०१७ मध्ये ३८ पुरुषांवर हा प्रयोग पुन्हा केला. सहाव्या आठवड्यात सुधारणा दिसली, १८ व्या आठवड्यात ती उरली नाही. शिवाय कोणाला गुण येईल हे त्याच्या आतड्यात आधी कोण वस्तीला होते यावर ठरले. माझ्या दृष्टीने यातून दोन गोष्टी कळतात: जीवाणूंचा माणसाच्या इन्सुलिनवर खरोखरच परिणाम होतो, आणि तो लहान व तात्पुरता असू शकतो. या प्रयोगांत साखर आणि इन्सुलिन मोजले गेले. जिवंत माणसाच्या स्वादुपिंडातील हिस्टोन कोणी सहज मोजू शकत नाही, आणि रक्तातील पांढऱ्या पेशींवरच्या मिथिल खुणा म्हणजे यकृतातील खुणा नव्हेत. त्यामुळे ‘जीवाणू, मग जनुकांचे वाचन, मग मधुमेह’ ही संपूर्ण साखळी माणसात सलग सिद्ध झालेली नाही. तिचे दुवे उंदरांत भक्कम आहेत, माणसांत दोन टोके दिसतात आणि मधला भाग बराचसा अनुमानाचा आहे.

आता आपला अहवाल. त्यात आपल्या शौचातील जीवाणूंचा डीएनए वाचला आहे. आपल्या स्वतःच्या कोणत्याही पेशीतील जनुकाचे वाचन त्यात मोजलेले नाही. ते मोजण्यासाठी आपल्या पेशींतील आरएनए, म्हणजे जनुक वाचताना तयार होणारी त्याची नक्कल, काढावा लागला असता. जे मोजलेच नाही ते ‘चालू’ आहे असे लिहिणे याला मी निष्काळजीपणा म्हणते. आकडेही टक्केवारीत आहेत. वर्गात एकूण मुले किती हे न सांगता मुली ४१ टक्के आहेत असे सांगावे, तसा हा प्रकार आहे. प्रीव्होटेला खरोखर वाढले की बाकीचे घटले, हे त्यावरून कळत नाही.

प्रीव्होटेलाला लाल रंग देणे तर मला अनाकलनीय वाटते. भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला मुबलक असते हे पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून, तसेच देशातील इतर अभ्यासांतून पुढे आले आहे. धान्य-कडधान्य खाणाऱ्या लोकांत ते तसे असणे स्वाभाविक आहे. डेन्मार्कमध्ये २०१६ साली प्रीव्होटेला कोप्रीचा संबंध इन्सुलिन-प्रतिरोधाशी, म्हणजे इन्सुलिन असूनही ते न चालण्याशी, आढळला. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमध्ये अख्ख्या सातूचा पाव तीन दिवस खाल्ल्यावर ज्यांची साखर सुधारली, त्यांच्यात प्रीव्होटेलाच वाढलेले आढळले. एकच जीवाणू दोन ताटांवर दोन तऱ्हेने वागतो. युरोप-अमेरिकेतील नमुन्यांवर बेतलेली ‘निरोगी’ची व्याख्या सोलापूरच्या किंवा साताऱ्याच्या माणसाला लावली तर आपल्यातील निम्मे लोक असंतुलित ठरतील. एका रुग्णाने असा लाल रंग पाहून तीन महिने कडधान्ये सोडली होती आणि त्याचे एचबीए१सी त्या काळात वाढले. त्या प्रयोगशाळेला याची खबरही नसणार.

प्रोबायोटिकबद्दल थोडक्यात सांगते. बाजारातील बहुतेक पुड्यांत लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम असतात. ते स्वतः ब्युटिरेट बनवत नाहीत आणि पुडी बंद झाली की बहुधा टिकत नाहीत. ॲकरमॅन्सिया या जीवाणूवर २०१९ साली बेल्जियममध्ये झालेल्या तीन महिन्यांच्या लहान चाचणीत पाश्चरीकृत, म्हणजे मेलेल्या, जीवाणूंनी इन्सुलिनची परिणामकारकता थोडी सुधारली. हे काम आश्वासक आहे, पण औषध म्हणून लिहून देण्याइतके ते पुढे गेलेले नाही. याउलट शांघायमध्ये झाओ लिपिंग यांच्या गटाने २०१८ साली मधुमेहींना बारा आठवडे विविध प्रकारच्या चोथ्याने समृद्ध आहार दिला तेव्हा ब्युटिरेट-ॲसिटेट बनवणाऱ्या ठरावीक १५ उपजाती वर आल्या आणि या गटाचे एचबीए१सी तुलनेच्या गटापेक्षा अधिक उतरले. दोन्ही गटांना अकार्बोज हे औषधही होते, हे ध्यानात ठेवावे. तरीही खर्च, धोका आणि पुरावा या तिन्हींचा विचार करता मी ताटाकडेच बोट दाखवीन.

त्याचे तपशील असे. चोथा दिवसाला ३० ग्रॅमच्या वर जावा असे मी सांगते, आणि तो एकाच ईसबगोलातून नव्हे तर ज्वारी-बाजरी, अख्खी कडधान्ये, शेंगभाज्या, पालेभाज्या, जवस-तिळाची चटणी अशा निरनिराळ्या वाटांनी यावा, कारण प्रत्येक जातीच्या जीवाणूला वेगळा घास लागतो. प्रमाण तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावे, एकदम वाढवल्यास पोट फुगते आणि माणूस तिसऱ्याच दिवशी सोडून देतो. भाकरी गार करून खाल्ल्याने न पचणारे पिष्ट थोडे वाढते हे खरे, पण त्या जोरावर दोनच्या जागी चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर ऐकणार नाही. रात्रीचे जेवण लवकर घ्यावे. सर्दी-खोकल्यावर स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. आपल्या आतड्यातील जनुक-खुणा मुलांत उतरतात असे मानण्यास आधार नाही; त्या अस्तरातील पेशी चार-पाच दिवसांत गळून जातात. मुलांत उतरतो तो घरचा आहार, आणि काही अंशी जीवाणूंची वस्ती. स्टॅनफर्डमध्ये २०१६ साली मानवी जीवाणू सोडलेल्या उंदरांना चार पिढ्या कमी चोथ्याचा आहार दिला तेव्हा दर पिढीत जाती गळत गेल्या आणि नंतर नुसता चोथा परत दिल्याने त्या परतल्या नाहीत.

मिथिल खुणांबाबत मात्र गर्भावस्थेचा काळ खरोखर निर्णायक असावा, आणि या विषयातील एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चालू आहे. केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांना तेथे सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत ब१२ जीवनसत्त्व कमी आढळले, आणि ज्यांचे फोलेट जास्त पण ब१२ कमी होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक होता. मिथिल गट तयार होण्यासाठी ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. मोठ्या आतड्यातील काही जीवाणू ब१२ बनवतात, पण ते शोषले जाते लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे उत्पादनाच्या आधीच्या स्थानकावर. त्यामुळे त्या उत्पादनाचा आपल्याला उपयोग होत नाही आणि ते आहारातून किंवा गोळीतूनच घ्यावे लागते.

हे आपल्यालाही लागू आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ब१२ चे शोषण कमी होते आणि आपण शाकाहारी असाल तर साठा आधीच तुटपुंजा असण्याची शक्यता मोठी आहे. पुढच्या महिन्यात एचबीए१सी साठी रक्त द्याल तेव्हा त्याच नळीसोबत ब१२ तपासून घ्यावे, आणि जीवाणूंच्या फेरतपासणीसाठी ठेवलेले पैसे त्यासाठी वापरावेत. त्यातील बरेचसे शिल्लक राहतील.